चढ नसलेली गल्ली

नाटकाच्या पडद्याचं काम आलं की आम्ही आधी विचारायचो, खुर्ची कुठं ठेवणार? नवखा माणूस बुचकळ्यात पडायचा. आपल्याला राजवाड्याचा पडदा पाहिजे आणि हा पेंटर खुर्चीचं काय घेऊन बसलाय, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. मग त्याला समजावून सांगावं लागायचं. तुम्हालाही सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

सरळ रस्त्याच्या मधोमध उभं राहून समोर बघा. दोन्ही बाजूची घरं लांब जाता जाता बुटकी होत जातात, रस्ता निमुळता होतो आणि एका जागी जाऊन मिटतो. खरा रस्ता तिथं मिटत नाही, डोळ्याला तसं दिसतं. ती जागा नेमकी तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असते. तुम्ही खाली बसलात तर ती खाली येते, माळवदावर चढलात तर वर जाते. शाळेत ड्रॉइंगचे सर याला यथार्थदर्शन म्हणतात. आम्ही पडदेवाले नुसतं 'खिळा' म्हणायचो, कारण आम्ही त्या जागी खरोखर खिळा ठोकायचो. मांजरपाट भिंतीवर ताणायचं, खिळा ठोकायचा, त्याला सूत बांधायचं, सुताला नीळ चोळायची आणि ताणून सोडून द्यायचं. कापडावर निळी रेघ उठते. पत्र्याची कड, खिडक्या, उंबरे, सगळ्यांच्या रेघा त्या खिळ्याकडं पळतात. काम झालं की खिळा उपटायचा आणि भोकावर झाड नाहीतर देवळाचा कळस रंगवून टाकायचा. लोकांना भोक दिसता कामा नये.

आता खुर्चीचं. खिळा ज्याच्या डोळ्यासमोर ठोकला, त्याला चित्र खरं दिसतं. बाकीच्यांना ते थोडंफार कललेलंच दिसणार, त्याला इलाज नाही. गावच्या नाटकात तो डोळा म्हणजे पहिल्या रांगेत मधोमध बसणाऱ्या पाटलाचा.

हे मला शिकवलं नांदेडच्या इस्माईल उस्तादांनी. त्यांच्याकडं हैदराबादच्या रद्दीच्या दुकानातून आणलेल्या छापील चित्रांची एक चळत होती. सगळी परदेशी शहरं. भलामोठा चौक, मध्ये कारंजं, दोन्हीकडं दगडी खांबांच्या रांगा, टोकाला घुमट, आणि खाली मुंगीएवढी माणसं नि बग्ग्या. ते शहर कुठलं हे उस्तादांना ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच. फार पुढं लातूरच्या एका कॉलेजातल्या चित्रकलेच्या मॅडमनी मला सांगितलं की ह्याला बरोक म्हणतात. तीनचारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या राजांनी शहरंच तशी बांधून घेतली, लांबच लांब सरळ रस्ते, आणि चित्रकारांनीही ती तशीच रंगवली. तिथल्या नाटकांचे पडदेसुद्धा असेच असायचे आणि ते फक्त राजाच्या आसनावरून बरोबर दिसायचे म्हणे. ऐकून मला हसू फुटलं. उस्तादांनी बरोक हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, पण काम मिळालं की ते पहिल्या झटक्याला विचारायचे, "पहले कुर्सी बोलो."

तर त्या चित्रांवरून उस्तादांनी 'रस्ता' नावाचा पडदा केला आणि तो उदगीर, जळकोट, चाकूर, देगलूरच्या जत्रांमधून फिरला. नाटकात भाऊ-भाऊ वाटणीवरून भांडायचे, सासू सुनेला घराबाहेर काढायची, आणि मागं कारंजं उडत असायचं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एखादा चौकस भेटायचा, विचारायचा, उस्ताद, हे गाव कुठलं हो? उस्ताद अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की हैदराबादच्या पुढं आहे. तो मान डोलवून जायचा.

जळकोटकडच्या एका गावात तर कमाल झाली. पाटील मधोमध बसले, सरपंच कडेला. पहिला अंक संपल्यावर सरपंच उठून मागं आले आणि म्हणाले की आमच्या बाजूनं टोकाचा महाल तिरका काढलाय, हे मुद्दाम केलंय. उस्तादांनी त्यांची दोन्ही हातांनी माफी मागितली, एक टेबल मागवलं, ते पाटलांच्या बरोबर मागं ठेवलं आणि त्यावर सरपंचांची खुर्ची चढवली. आता महाल सरळ झाला, वर पाटलांपेक्षा उंच बसायला मिळालं. सरपंच खूश. मागच्या लोकांना पुढचा सगळा वेळ सरपंचांची पाठ दिसली, पण त्यांना विचारतंय कोण!

असे दिवस होते. नंतर फ्लेक्स आलं, मग एलईडीचे पडदे आले. कॉम्प्युटरवरून जंगल, महाल, स्वित्झर्लंड, काय पाहिजे ते दहा मिनिटांत. उस्ताद त्याआधीच गेले, बरं झालं म्हणायचं. त्यांचा रस्त्याचा पडदा मला उदगीरच्या मोंढ्यात दिसला एकदा. सोयाबीनच्या राशीवर टाकला होता, पाऊस येईल म्हणून. घुमट खाली, कारंजं वर, कडेला हमाल बसून भाकरी खात होते. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मागून घ्यावा असं वाटलं, पण घेऊन ठेवणार कुठं? आलो तसाच.

मी काम बंद करून लातूरला घरी बसलो होतो, तेव्हा मन्मथअप्पा आले. उदगीरचे जुने भुसारवाले, लिंगायत समाजातले, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, वय झालेलं पण ताठ. पूर्वी त्यांच्या गल्लीत नाटकं व्हायची, त्यामुळं मला ओळखत होते. चहा पुढं ठेवला तरी कपाला हात लावेनात. "पेंटर, तुम्ही रस्ते काढत होता," ते म्हणाले. "माझी एक गल्ली हाय, तेवढी काढून द्या."

मग हळूहळू सगळं सांगितलं. उदगीरला त्यांचं राहतं घर आणि खाली दुकान. दुकानाच्या दाराशी शहाबादी फरशीचा कट्टा, आणि त्या कट्ट्यावर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्यांची बायको, सुगलाबाई, डाळ निवडत बसलेली. येणारा-जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जायचा नाही. मी स्वतः तिच्या हातचं पाणी प्यालोय. पुढं रस्ता रुंद करायचा ठरला आणि अख्ख्या गल्लीची पुढची अंगं पाडली. कट्टा गेला, दुकान गेलं, मागं उरल्या दोन अंधाऱ्या खोल्या. मुलगा शिवकुमार लातूरला नोकरीला, त्यानं दोघांना आपल्या फ्लॅटवर आणलं. काही महिन्यांत सुगलाबाईंना लकवा झाला. डावी बाजू गेली.

डॉक्टर म्हणत होते की कंबरेत ताकद आहे, बसवलं तर बसतील आणि बसल्या तर सुधारतील. नुसतं पडून राहिल्या तर छातीत कफ भरेल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही. पण त्या बसायलाच तयार नव्हत्या. भिंतीकडं तोंड करून पडायच्या, जेवणाला नको म्हणायच्या. अप्पांनी विनवण्या केल्या, रागावून बघितलं, उपास धरून बघितला.

"म्हणती, बसून काय बघू? समोर भिंत हाय," अप्पा म्हणाले. "बरुबर हाय तिचं. त्या भिंतीवर तिची गल्ली पायजे."

मी दुसऱ्याच दिवशी फ्लॅटवर गेलो. छोटा हॉल, एका भिंतीला लागून खाली गादी, कारण पलंगावरून त्या एकदा पडल्या होत्या. सुगलाबाई पाठमोऱ्या. मी आक्का म्हणून हाक मारली, पण त्या वळल्या नाहीत. समोरची भिंत मोकळी होती. मी सवयीप्रमाणं विचारलं की आक्का कुठून बघणार, पडून की बसून?

शिवकुमार म्हणाला, पडूनच की काका, आता कुठल्या बसतात त्या. अप्पा म्हणाले, बसून.

मग मी त्या दोघांना खिळ्याची गोष्ट सांगितली. बसलेल्या माणसासाठी खिळा ठोकला तर पडलेल्या माणसाला चित्र चुकीचं दिसणार. रस्ता वर चढत गेल्यासारखा वाटणार. दोन्ही साधायचं नाही, एक काहीतरी ठरवा. शिवकुमार बापाला समजावू लागला. "अप्पा, अव्वाला पडूनच नीट दिसू द्या. तेवढंच समाधान तिला." उदगीरकडच्या ह्या घरांत आईला अव्वाच म्हणतात, कानडीचा शेजार.

अप्पा म्हणाले, "पडून दिसलं की ती उठंल कशाला?"

बसून असंच ठरलं. प्रश्न राहिला उंचीचा. बाई बसत नाही, मग बसल्यावर तिचा डोळा कुठं येतो हे मोजायचं कसं? अप्पा गादीच्या कडेला भिंतीला टेकून मांडी घालून बसले. शेजारची जागा मोकळी सोडली, जणू तिथं कुणी बसलंय, आणि न बघता हात आडवा करून भिंतीला तळवा लावला. हितं, म्हणाले, माझ्या खांद्याच्या वर चार बोटं. मी तिथं पेन्सिलीनं बारीक खूण केली. आजवर मी पाटलांची, आमदारांची, कंपनी-मालकांची उंची फूटपट्टीनं मोजली, पण एवढ्या खात्रीनं कुणी मला डोळा दाखवला नव्हता.

गल्ली बघायला आम्ही दोघं उदगीरला गेलो. गल्ली कुठली, सगळा रुंद डांबरी रस्ता. अप्पा कडेकडेनं चालले, एका खांबापाशी थांबले, मग रस्त्यात चार पावलं आत गेले आणि तिथं सरळ खाली बसले. कट्टा हितं होता, म्हणाले. मोटरसायकली हॉर्न वाजवत दोन्ही बाजूंनी जाऊ लागल्या. एक ऑटोवाला थांबून मला विचारायला लागला की म्हाताऱ्याला चक्कर आली का? मी म्हटलं नाही बाबा, बसलेत. आणि मग मीही त्यांच्या मागं डांबरावर बसलो, कारण त्याशिवाय मला त्या उंचीवरून दिसणार नव्हतं. टोकाला लिंबाचं झाड अजून उभं होतं, तेवढंच एक उरलेलं. अप्पा हात करून एकेक घर सांगत गेले. हे तेल्याचं, निळ्या दाराचं. हे शिंप्याचं, ह्याची पायरी फुटकी. ह्याच्या पुढं नळ, आणि नळाला कायम बांधलेली चिंधी. मी कागदावर काढत गेलो आणि रहदारी आम्हाला वळसा घालत गेली.

महिनाभर मी तो पडदा रंगवला. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत, पण सूत तेवढं सरळच राहतं. खिळा लिंबाच्या बुंध्यावर घेतला. खालच्या कडेला कट्ट्याची शहाबादी फरशी काढली, अशी की ती फ्लॅटच्या फरशीला येऊन मिळावी आणि गादीवर उठून बसलेल्या माणसाला आपण कट्ट्यावरच बसलोय असं वाटावं. मी अप्पांना विचारलं की माणसं काढू का, शिंपी, तेली, पोरंबाळं? ते नको म्हणाले. कुणाचं तरी नाक चुकेल आणि ती तेवढंच धरून बसेल.

पडदा लावला तेव्हा खालची कड जमिनीला टेकली होती. शिवकुमारची बायको हळूच म्हणाली की फारच खाली लागलाय. बरोबर होतं तिचं, दिवाणखान्यात चित्र असं कुणी लावत नाही. मी पेन्सिलीच्या खुणेपासून समोरच्या लिंबापर्यंत सूत धरून बघितलं. ते सपाट आलं.

अप्पांनी आक्कांना कुशीवर वळवलं. उशीवर डोकं ठेवून त्या बघत राहिल्या. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. मला पाटलापुढं कधी भीती वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. लकव्यानं त्यांची जीभ जड झाली होती, तरी शब्द स्वच्छ आले.

"ही आमची गल्ली न्हाई. आमच्या गल्लीला चढ नव्हता."

शिवकुमारनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण अप्पांचा चेहरा फुलला होता. लकवा झालेल्या बाईनं पडल्या पडल्या बरोबर ओळखलं होतं की कुठं चुकतंय. अप्पा तिला म्हणाले की तू बस, बसलीस की चढ जातोय. आक्का म्हणाल्या, फसवायलेत मला. आणि डोळे मिटले. पण भिंतीकडं वळल्या नाहीत, हे मी जाताना नीट बघून घेतलं.

चार-पाच दिवसांनी अप्पांचा फोन आला. पाठीमागं दोन उशा लावून दिल्या म्हणाले, आपण होऊन म्हणाली लावा. आणि म्हणाली चढ जरा उतरलाय. मग असे फोन येऊ लागले. आज तीन उशा. आज चहा घेतला. आज तेल्याचं दार ओळखलं आणि म्हणाली निळं एवढं गडद नव्हतं. आज शिवकुमारनं धरलं आणि थोडकी बसली, पण मान खाली होती, बघितलं न्हाई. मी घरात बायकोला सांगायचो, आज आक्कांचा चढ एवढा उतरला. ती पण विचारू लागली, काय हो, आज फोन आला का? इतक्या वर्षांत मी रंगवलेला पडदा कुणी असा वापरला नव्हता. खरं सांगतो, मला वाटू लागलं होतं की ही बाई बसणार. मी निळा जरा फिका करून द्यायचं ठरवलं होतं, रंगही कालवून ठेवला होता.

मग ताप आला. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं. अप्पांचे फोन थांबले, मी केला तर उचलेनात. एका सकाळी शिवकुमारचा आला. अव्वा गेली काका, एवढंच म्हणाला.

मी पायऱ्या चढत होतो तेव्हा वरून टाळांचा आवाज येत होता. माझा जन्म ह्या लोकांच्या शेजारात गेला, मला त्यांची रीत चांगली ठाऊक आहे, पण त्या जिन्यात ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. हॉलच्या दारात पाय ठेवला आणि थबकलो. लिंगायत समाजात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, भस्म लावतात, मांडी घालून भिंतीशी बसवतात, मान पडू नये म्हणून कपाळावरून फडकं घेऊन मागं खिळ्याला बांधतात, आणि पुढं मातीतही तसंच बसवून देतात. गादी काढली होती. त्या जागी पाटावर सुगलाबाई बसल्या होत्या, हिरवं लुगडं, गळ्यात हार, पाठ ताठ. त्यांच्या कानाच्या बाजूला भिंतीवर माझी पेन्सिलीची खूण होती. मिटलेला डोळा त्या खुणेच्या रेषेतच होता, तसूभर वर नाही की खाली नाही.

आयुष्यभर मला बरोबर आलेल्या मापाचा आनंद होत आला. त्या दिवशी ते माप बरोबर आलेलं बघून मला रडू आवरेना.

शेजारी अप्पा बसले होते, भिंतीला टेकून, मांडी घालून, तिच्या खांद्याला खांदा लावून. रडत नव्हते. समोर बघत होते. समोर भजनवाले बसले होते, बायका उभ्या होत्या, लोक येऊन नमस्कार करत होते, आणि मी नमस्काराला आत येऊन सगळ्यांत पुढं, नेमका मधोमध, तोंडाला रुमाल लावून उभा होतो.

अप्पांनी हात वर केला. टाळ थांबले.

"पेंटर," ते म्हणाले, "जरा बाजूला सरका. तिच्या आड येताव."

मी सरकलो. बायका सरकल्या, टाळवालेही उठून कडेला झाले. निळ्या दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत गल्ली मोकळी झाली. अप्पा तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "बघ, न्हाई चढ."